तीन संध्याकाळी स्टेशन बंद

लवूकाका धुरींचं नाव ऑफिसात निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईने स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवलं.

आमचं ऑफिस परळला, एका बंद मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. परदेशी रेडिओ स्टेशनांचं प्रक्षेपण किती वाजता, कुठल्या ट्रान्समीटरवरून, कुठल्या दिशेला सोडायचं ते आम्ही ठरवून देतो. 'अजून रेडिओ ऐकतं कोण?' असं मला प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतं. ऐकतात बाबांनो. बोटीवरचे खलाशी ऐकतात, डोंगरातले लोक ऐकतात, नेट बंद पाडलेल्या गावांतले लोक ऐकतात. स्टेशन एका देशात, ट्रान्समीटर दुसऱ्या देशात आणि ऐकणारा तिसऱ्याच. लाटा वर आभाळातल्या एका थराला आपटून खाली येतात आणि तो थर ऋतूप्रमाणे हलतो, म्हणून मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी सगळं वेळापत्रक बदलायचं. कुठे आवाज पोचेल आणि कुठे नाही याचे नकाशे कॉम्प्युटरवर मी काढते. पोचेल तिथे हिरवं, नाही तिथे लाल. एकोणीस वर्षं हेच करतेय.

नकाशा खरा की खोटा हे तपासायला आमचे ऐकणारे असतात. गावोगावचे हौशी लोक. रोज ठरल्या वेळी रेडिओ लावायचा आणि पाच आकड्यांचा शेरा लिहून पाठवायचा. आवाज किती जोरात, दुसरं स्टेशन मध्ये घुसतंय का, खरखर किती, आवाज येतो-जातो का, आणि एकूण ऐकण्यालायक आहे की नाही. पाच म्हणजे झकास, एक म्हणजे बोंब. खाली कार्यक्रमात काय लागलं होतं त्याच्या दोन ओळी, म्हणजे माणूस खरंच ऐकतोय हे कळतं.

लवूकाका हे असे मुंबईतले आमचे सगळ्यात जुने. मिलमध्ये वायरमन होते. करी रोडला आमच्याच चाळीत, आमच्यापासून तिसरी खोली. सगळ्या चाळीचे रेडिओ तेच दुरुस्त करायचे. मी सात वर्षांची असताना मला गॅलरीत शेजारी बसवून त्यांनी बटण हळू कसं फिरवायचं ते शिकवलं. "कान दी गो, आकू, खरखरीच्या मागे माणूस असता," म्हणायचे. आकू म्हणजे मी, आकांक्षा मेस्त्री. या धंद्यात मी आले ती त्यांच्यामुळे. आता कळलं ना, किती कृतघ्न बाई आहे ती?

तर झालं असं. युरोपातल्या एका स्टेशनचा संध्याकाळी सात ते साडेसात आपल्या पश्चिम भारतासाठी कार्यक्रम होता. अर्धा हिंदी, अर्धा मराठी. ट्रान्समीटर मध्य आशियात. माझा नकाशा म्हणायचा, मुंबई लाल. टॉवर, लिफ्ट, चार्जर, एलईडी दिवे, यांची खरखर एवढी की त्या शहरात कोणाच्या बापाला हे स्टेशन ऐकू येणार नाही. आणि दर महिन्याला लवूकाकांचा रिपोर्ट यायचा: चार, चार, तीन, चार, चार. मोत्यासारखं अक्षर. खाली दोन ओळी, आज द्राक्षांच्या रोगावर बोलले, आज एका बाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या.

मग मीटिंगमध्ये आमचे हितेंद्र सर काय म्हणायचे? "आकांक्षा, तुझा नकाशा ठेव बाजूला, धुरी काय म्हणतायत ते सांग." दर मीटिंगला! एकोणीस वर्षं या कामात मुरलेली मी, परदेशात जाऊन शिकून आलेली, आणि माझ्या कामाला पास-नापास कोण करणार तर करी रोडचा ऐंशी वर्षांचा वायरमन. बाकीचे हसायचे. प्लॅनिंग हेडची जागा रिकामी होणार होती, आणि माझ्या फायलीत एकच डाग होता, मुंबई.

ऑगस्टमध्ये मी काकांकडे गेले. चहाला. आई-बाबा गेल्यावर मी चाळ सोडली होती, त्यामुळे त्यांना कोण आनंद! सून सुभद्राने कांदापोहे केले, काकांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. माझ्या पर्समध्ये खरखर मोजायचं मशीन चालू होतं. पोहे खात खात मी ती गॅलरी मोजली. समोरच्या टॉवरच्या लिफ्टने काटा टोकाला टेकलेला. तिथे सात वाजता ते स्टेशन लागणं शक्यच नव्हतं. "काका, इथेच बसून ऐकता ना अजून?" मी विचारलं. सुभद्रा तेवढ्यात चहा घेऊन आली आणि बोलणं गणपतीच्या तिकिटांवर गेलं. ते राहूनच गेलं. म्हणजे मी पुन्हा विचारलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

म्हातारा थापा मारतोय, हे माझं नक्की झालं. चाळीस वर्षं ऐकतोय, कुठल्या महिन्यात आवाज कसा असतो हे त्याला पाठ आहे, घरी बसून आकडे भरतोय. मला दुःख व्हायला हवं होतं. मी टॅक्सीत बसून हसत होते.

स्टेशनवाल्यांना मी पत्र लिहिलं. सप्टेंबरच्या अकरा, बारा, तेरा तारखेला संध्याकाळचं प्रक्षेपण गुपचूप बंद ठेवा, कोणाला सांगू नका, बघू कोण काय लिहून पाठवतं. आमच्या धंद्यात असा सापळा क्वचित लावतात, कारण ऐकणारे फुकट काम करतात आणि त्यांचा अपमान होतो. तारखा मी मुद्दाम गणपतीतल्या निवडल्या. लालबाग-करी रोडला त्या दिवसांत माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, रेडिओ कुठला! शिवाय माणगाव-मालवणकडचे सगळे गावी पळालेले.

काका मात्र गेले नव्हते. मुलगा मयूर आणि सुभद्रा गावी गणपतीला गेले, हे एकटे मागे राहिले, रिपोर्ट चुकेल म्हणून.

वीस तारखेपर्यंत रिपोर्ट आले. नागपूर, सोलापूर, लातूर, जळगाव, सगळ्यांचं एकच, तीन दिवस स्टेशन लागलं नाही. मालवणला आमचा एक ऐकणारा होता, तो गणपतीत अडकलेला, त्याने काहीच पाठवलं नाही. आणि लवूकाका? तिन्ही दिवस भरलेले! दोन, चार, तीन, दोन, दोन. खाली लिहिलेलं, 'आवाज फार बारीक, पण लागला. कार्यक्रम मागच्याच आठवड्याचा, परत लावला. असे का?'

मी टेबलावर हात आपटला. बघा, बघा, मी म्हणाले, म्हाताऱ्याला या आठवड्यात काय लागणार होतं ते ठाऊक नाही, म्हणून मागच्या आठवड्याचं उतरवून वर साळसूदपणे 'असे का' विचारतोय! माझ्या शेजारी राजरत्न बसायचा, नायगावचा, हुशार आणि जरा जास्तच सरळ पोरगा. तो म्हणाला, "मॅडम, थाप मारायची तर माणूस चार-चार लिहील ना नेहमीसारखं. दोन कशाला लिहील?" मी म्हटलं, "तुला म्हातारी माणसं माहीत नाहीत." झालं. त्याला गप्प करायला एवढं पुरलं.

ऑक्टोबरात दादरला एका हॉलमध्ये ऐकणाऱ्यांचं संमेलन असतं, नवं वेळापत्रक सांगायला. त्या वर्षी चाळीस वर्षं पूर्ण झाली म्हणून काकांचा सत्कार होता. मी सरांना एकट्याला सांगू शकले असते. फोन करून काकांना सांगू शकले असते की काका, पुरे करा आता, आणि सत्कार गुपचूप रद्द झाला असता. सर म्हणालेही, "जाऊ दे, शाल देऊन मोकळे होऊ." मीच म्हटलं, "सर, बाकीच्यांना काय संदेश जाईल?" मला तो माणूस सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला बघायचा होता. एवढंच. दुसरं काही कारण शोधून मला सापडलेलं नाही.

पहिल्या रांगेत काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. एका बाजूला मयूर, दुसऱ्या बाजूला सुभद्रा, केसांत अबोली. मी पडद्यावर रिपोर्ट लावले. आधी नागपूर, मग सोलापूर, मग लातूर. मग काकांचा.

"या तीन संध्याकाळी," मी माइकवर म्हणाले, "स्टेशन बंद होतं. आम्हीच बंद ठेवलं होतं."

हॉलमध्ये मागून कोणीतरी म्हणालं, "काका, स्वप्नात लागलं काय?" आणि लोक हसले. चांगलेच हसले.

काका उठून उभे राहिले. रागावले नव्हते. पडद्यावरचं स्वतःचं अक्षर वाचत होते. "माका आयकाक इलां," ते म्हणाले. "आकू, बारीक होतां, पण इलां. मी घरात नाय आयकत, मी थंय—"

"काका, वेळ कमी आहे," मी म्हटलं. "बसा. हवेत काहीच नव्हतं."

ते बसले. मयूरचं तोंड लालभडक. सुभद्राने पदराने काकांच्या कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा ते तिला काहीतरी विचारत होते आणि ती मान हलवत होती. शाल टेबलावर तशीच घडी करून राहिली. चहाच्या वेळी बघितलं तर तिघं निघून गेले होते. समोसे मात्र उत्तम होते, मी दोन खाल्ले.

सत्तावीस ऑक्टोबरला मुंबईकडचा झोत आम्ही वळवला. मुंबईत कोणी ऐकतच नाही असं सिद्ध झालं होतं, मग उरलेल्या चार गावांसाठी पश्चिम भारत कशाला? तो अर्धा तास दुसऱ्या देशाकडे गेला, मराठी बंद. एक नोव्हेंबरला मी प्लॅनिंग हेड झाले. खिडकीजवळची केबिन.

डिसेंबरात एका दुपारी राजरत्न केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं. तो राखीव ट्रान्समीटरांची यादी नव्याने करत होता. आमच्याकडे नियम आहे, मुख्य ट्रान्समीटर दहा मिनिटं बंद पडला की राखीव आपोआप सुरू व्हायचा. त्याच्याकडे ताजा कार्यक्रम पोचलेला नसला तर आधीचं रेकॉर्डिंग वाजवायचं. त्या स्टेशनसाठी राखीव होता हिंदी महासागरातल्या एका बेटावर, जुना, कमी ताकदीचा, तोंड आफ्रिकेकडे. त्याची पाठीमागची थोडी गळती आपल्या किनाऱ्यावर पडते, घाटाच्या अलीकडे. बेटावरच्या लोकांनी त्यांची नोंदवही पाठवली होती. राजरत्नने पान माझ्यासमोर ठेवलं.

सप्टेंबर अकरा, बारा, तेरा. सात वाजून दहा ते साडेसात. आपोआप सुरू. रेकॉर्डिंग मागच्या आठवड्याचं.

तो नियम कोणी लिहिला होता? मी. नऊ वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने, खाली माझी सही. आणि सापळा लावताना बेटावर कळवायचं मीच विसरले.

"काकांचं बरोबर होतं, मॅडम," राजरत्न म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, याला काय झालं रडायला असं वाटून मला त्याचाच राग आला. "वीस मिनिटं, पाठीमागची गळती, आणि त्या माणसाने पकडली. वर मागच्या आठवड्याचं आहे हेही सांगितलं. त्यांना सांगायला हवं. सरांनाही."

"मी सांगते," मी म्हटलं. "मी त्यांना लहानपणापासून ओळखते. तू कोणाला काही बोलू नकोस, ते माझ्याकडून कळायला हवं."

त्याला ते पटलं. त्याला वाटलं, मला प्रायश्चित्त घ्यायचंय. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. रविवारी मी पेढे घेतले आणि करी रोडला गेले. वाटेत वाक्यं जुळवली. काका, चूक माझी होती. काका, तुम्ही जे ऐकलंत ते मुंबईत दुसरं कोणी ऐकू शकलं नसतं. तोंडातल्या तोंडात चार वेळा म्हणून बघितलं.

सुभद्रा जिन्यातच भेटली, धुण्याची बादली घेऊन. पेढे बघून तिने डोळे पुसले. मला तिथेच कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारा बिघडलाय. घरात एकच चर्चा, नसलेलं ऐकू येतं म्हणजे काय? मयूरने डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, नसलेले आवाज येतात का? हे म्हणाले, तीन दिवस आले, सगळे म्हणतात ते नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिले दोन दिवस घेतल्या, तर दिवसभर झोपून, तोंडातून लाळ, संडासलाही धरून न्यावं लागलं. तेव्हापासून थुंकून टाकतात. एकटं बाहेर सोडत नाहीत. रेडिओ मयूरने माळ्यावर टाकला.

"आधी रोज संध्याकाळी बसने माझगावला जायचे, ताई," सुभद्रा म्हणाली. "टेकडीवरच्या बागेत. तिथे लिफ्टची खरखर नाही म्हणायचे. गणपतीत एकटे होते तर तिथेच जाऊन बसत असणार. आता तेही बंद. आणि एकच धरून बसलेत, आकू येऊन सांगूदे. ती सांगेल नव्हतं, तर मी गोळी घेईन. दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. बरं झालं आलात."

माझगावची टेकडी. म्हणजे माझं मशीनही खोटं ठरलं, चहाही आणि पोहेही. माझ्या बाजूने बोलायला काही म्हणता काही उरलं नाही.

आत काका पलंगावर बसले होते. अर्धे झालेले. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि खुर्ची पुसायला हाताने फडकं शोधू लागले. मयूर मोबाइल बाजूला ठेवून दारात उभा राहिला.

"बस गो," काका म्हणाले. "आकू, तुझ्यावर राग नाय माझो. तू तुझां काम केलंस. माका फक्त एक सांग. चाळीस वर्सां मी ह्या कानांवर जगलंय. त्या तीन दिसांत माका आयकाक इलां. द्राक्षांचा सांगी होते, मागच्या आठवड्याचां. तां काय होतां? होतां काय नव्हतां?"

बोलायचं होतं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य. 'होतं, काका.' एवढं म्हटलं की मयूर माळ्यावर चढून रेडिओ काढणार, उद्या ऑफिसात येऊन बोंबाबोंब करणार, हितेंद्र सर बेटाची नोंदवही मागणार, सापळा माझा, नियम माझा, विसरले मी. मराठी कार्यक्रम माझ्या चुकीने बंद पडला. स्टेशनवाले विचारणार, हिला हेड कोणी केलं? राजरत्नचं तोंड मी बंद ठेवू शकत होते. मयूरचं नाही. काय काय आलं माझ्या डोक्यात त्या दोन मिनिटांत! केबिनची खिडकीसुद्धा आली. लाज वाटते सांगायला, पण आली.

काका थांबले होते. लहानपणी मी बटण फिरवताना थांबायचे तसे, घाई न करता.

"नव्हतं, काका," मी म्हटलं.

"अगदी काय्येक नाय?"

"काहीच नाही. मी स्वतः तपासलं. वय झालं की होतं असं. त्यात तुमचा काही दोष नाही."

मयूरने सुटकेचा श्वास टाकला. सुभद्रा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आभार मानल्यासारखा. काका मान हलवत राहिले. आधी माझ्याकडे बघून, मग नुसतेच जमिनीकडे बघून. उजव्या हाताने त्यांनी आपला कान एकदा चाचपला.

"मगे बरां झालां विचारलंय तां," ते म्हणाले. "तू सांगतंस म्हणजे तसांच असतलां. तुका ह्यातला सगळ्यात जास्त कळता." मग त्यांनी सुनेकडे तोंड केलं. "सुभद्रा, ती गोळी दी गो."

सुभद्रा डब्यातून गोळी काढून घेऊन आली. पाण्याचं ती विसरली. टेबलावर तांब्या होता, माझ्या हाताशी. मी ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला, आणि ते गोळी गिळेपर्यंत ग्लास खालून धरून उभी राहिले.